एका रियालाची फट

माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, माझ्याबद्दल एकच शब्द आहे: मुराफिक. सोबतीला आलेली. उदय लाल समुद्राकाठच्या यान्बूत एका रिफायनरीत मेंटेनन्सला आहे आणि मी सतरा वर्षं त्याच्या सोबतीला आहे. या सतरा वर्षांत तुम्ही काय केलंत, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं, की लोकांनी टाकलेल्या खुर्च्या दुरुस्त केल्या.

इथून माणसं कायमची परत निघाली की घर आधी महिनाभर रिकामं व्हायला लागतं. चांगलं फर्निचर शेजाऱ्यांत वाटलं जातं, उरलेलं कचरापेटीच्या बाजूला उभं राहतं. मला ते बघवत नाही. पहिली डगमगती खुर्ची उचलून आणली तेव्हा व्हिडिओ बघून तिचा पाय बसवला. तो तिरका बसला. काढून पुन्हा बसवला, तर दुसरीकडे तिरका बसला. असं करत करत रंधा आला, पटाशी आली, शिकंजे आले आणि आमच्या तन्वीच्या खोलीतली अर्धी जागा गेली. तन्वी अकरावीत आहे. तिचं मत तिने मला इंग्रजीत कळवलं, "आई, धिस इज नॉट नॉर्मल." मी तिला मराठीत कळवलं, की पाय हलव, खाली खिळे आहेत.

दुआ माझ्याकडे आली ती अशाच एका गोल टेबलासाठी. इथल्याच मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवते, तिशीची असेल. टेबल घेताना माणसं वरून बघतात; दुआ वाकली आणि तिने खालून सांध्यावर बोट फिरवून बघितलं. मग मला म्हणाली, खाला, म्हणजे मावशी, तुम्ही आमच्या खिडक्या बघाल का?

खिडक्या जुन्या यान्बूत होत्या, बंदराजवळच्या गल्लीत. आमच्या वसाहतीपासून गाडीने अर्धा तास. पांढऱ्या प्रवाळी दगडाचं दोन मजली घर, आणि पहिल्या मजल्यावर भिंतीतून पुढे आलेली, गल्लीवर लटकलेली जणू एक लाकडी खोलीच. तिला इथे रोशन म्हणतात. आत बसायला गाद्या, तीन बाजूंनी नक्षीचं लाकूड, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला सहा झडपा: समोर चार, दोन बाजूंना एकेक. या झडपा बाहेर उघडत नाहीत. खोबणीतून वर सरकवायच्या, हव्या त्या उंचीवर चौकटीच्या भोकात लाकडी खुंटी घालायची, की राहिली. बाहेरून पुन्हा बारीक जाळी. आतल्याला सगळी गल्ली दिसते, गल्लीतल्याला आतलं काहीच दिसत नाही. हे कळल्यावर मला आमच्या वसाहतीतल्या काचेच्या खिडक्यांबद्दल वाईट वाटलं. तिथे बरोबर उलटं आहे.

लाकूड सागाचं होतं, त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. दुआच्या मते तो जावाहून आलेला. उदयने एकदा हात लावला आणि दांडेलीचा असं जाहीर केलं. "आपला माल आहे, विभा. मला वास कळतो," म्हणाला. त्याला घरात गॅस चालू राहिलेला कळत नाही.

अडचण सागाची नव्हती, याह्याची होती. याह्या दुआचा मोठा भाऊ. वडील गेल्यावर आईला तो आपल्या नव्या बंगल्यात घेऊन गेला होता. आई, म्हणजे इथल्या रीतीने उम्म याह्या, याह्याची आई, दीड वर्ष तिथे राहिली आणि एक दिवस म्हणाली, मला माझ्या घरी जायचंय. मुलगा वाईट नाही. त्याने लगेच जुन्या घराचं काम काढलं, नवी वायरिंग केली, जिन्याला कठडे लावले, गच्चीची स्लॅब नवी करायला घेतली. फक्त रोशन त्याला नको होता. दीड वर्ष बंद घरात झडपा अडकून बसलेल्या, त्यात धूळ, डास, एसीची थंडी बाहेर. तो काढून तिथे अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवायच्या, असं त्याने ठरवलं. मापं घेऊन झाली होती.

दुआ आईकडे गेली. आईने दोघांचं ऐकलं आणि निकाल दिला, तो असा, की मी पाच आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी, अस्रच्या म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर येईन. झडपा माझ्या हाताने वर गेल्या आणि खाली आल्या तर लाकूड राहील. नाही सरकल्या तर याह्याचं बरोबर. शनिवारी ऑर्डर जाईल.

"आणि ऑर्डर गेली की ते रोशन कापतील," दुआ मला म्हणाली. "खोलता येत नाही, खाला. कापूनच काढतात."

मला पाच आठवडे मिळाले.

झडपा काढायला मदत केली जमालुद्दीनने. तो सहारनपूरचा, पन्नाशीचा, गच्चीच्या स्लॅबवर काम करणारा. इकाम्यावर सुतार लिहिलेलं असून अठरा वर्षं हा माणूस काँक्रीटच्या शटरिंगच्या फळ्या ठोकतोय. झडपा धरल्या त्याने अशा, की मी बघतच राहिले. सागाबद्दल त्याचं मत विचारलं. बर्माचा, म्हणाला, आणि उदयकडे दयेने बघितलं. मला अजून बरंच विचारायचं होतं, पण दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराने त्याला अल खर्जला, एका डेअरीच्या गोठ्याच्या कामावर पाठवून दिलं. मी सहा झडपा घेऊन घरी आले आणि त्या तन्वीच्या पलंगामागे ओळीने उभ्या केल्या. ती खोली सगळ्यात थंड. एसी चोवीस तास बावीसवर.

काम मी मन लावून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे जे झालं ते मन लावून केल्यामुळेच झालं. आधी रंगाचे थर उतरवले: वर तपकिरी, खाली हिरवा, त्याखाली निळा. तुटलेली नक्षी नव्याने कोरली. जवसाचं तेल दिलं. आणि मग कडांकडे वळले. सहाही झडपांच्या दोन्ही उभ्या कडा मला झिजलेल्या दिसत होत्या. चौकटीची मापं मी वहीत घेतली होती, त्यात या कडा बसवल्या तर दोन्हीकडे फट राहत होती. इतक्या वर्षांच्या घासाघाशीने झिजल्या असणार, बिचाऱ्या. मी एका जुन्या टेबलाचा सागवानी पाय उभा चिरला, त्याच्या बारीक चिपा काढल्या आणि बाराही कडांना सरसाने चिकटवल्या. मग रंधून रंधून मापात आणल्या. दोन आठवडे त्यातच गेले. उदयने प्लँटमधून फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा आणला. मी केलेल्या नमुन्याच्या खोबणीत झडप घालून बघितली, तर सगळ्यात पातळ पातंसुद्धा आत जाईना.

"एवढं टॉलरन्स आमच्या पंपाला नसतं," उदय म्हणाला. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्याच्या तोंडून इतकं रोमँटिक काही मी ऐकलेलं नाही. दोन दिवस मी हवेत होते.

हवा. तिथेच चुकलं.

गुरुवारी सकाळी आम्ही झडपा गाडीत घातल्या, गाडीचाही एसी फुल. रोशनमध्ये त्या एकेक करून खोबणीत सोडल्या, त्या निसटू नयेत म्हणून आतून पट्ट्या ठोकल्या. लोण्यासारख्या सरकल्या. दुआने प्रत्येक झडप वर-खाली करून बघितली, मग पुन्हा सगळ्या करून बघितल्या. मोकळी हवा लागू दे म्हणून सगळ्या कमीजास्त वर करून, खुंट्या घालून आम्ही निघालो. जाताना मी गल्लीतून वर बघितलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. लाल समुद्रावरून वारा येत होता. ऑक्टोबरात इथे तो असा येतो, की चष्मा पुसत चालावं लागतं.

शुक्रवारी नऊला मी थर्मासमध्ये चहा घेऊन पुन्हा गेले. काम नव्हतं, नुसतं बघत बसायचं होतं. पहिल्या झडपेची खुंटी काढली. झडप खाली आली नाही. दुसरीची काढली. तिसरीची, चौथीची. सहाच्या सहा खुंट्या माझ्या हातात आणि सहाच्या सहा झडपा आपापल्या जागी हवेत, एक वर, एक खाली, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारख्या. मी एकीला लोंबकळले. हलली नाही.

मी वेंगुर्ल्याची आहे. जून ते सप्टेंबर आमच्या न्हाणीघराचं दार कधी पूर्ण लागलेलं मला आठवत नाही. लाकूड फुगायचं. आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळावं म्हणून आम्ही सगळे मोठमोठ्याने गात आंघोळ करायचो. माझ्या काकांना आरतीशिवाय काही येत नसे, ते तेच म्हणत. अशा घरातून आलेली मी, आणि मी साग पाच आठवडे एसीत वाळवला, वाळून आक्रसलेल्या मापाला कड बेतली आणि तो समुद्राच्या तोंडावर आणून उघडा ठेवला. सतरा वर्षं बंद काचेमागे राहिलं की माणूस लाकूड शिकतो आणि हवा विसरतो.

उदयला फोन केला. तो अर्ध्या तासात हजर, हातात तन्वीचा हेअर ड्रायर आणि डोक्यात योजना. प्लँटमधून मोठा हीटर आणायचा, रोशनला बाहेरून प्लास्टिक गुंडाळायचं, आतली दमट हवा ओढून घ्यायची. त्याच्या हिशोबाने मंगळवारपर्यंत झडपा मोकळ्या होतील. आज शुक्रवार आहे, मी म्हटलं. तो हेअर ड्रायर लावून बसला. दुआ आली, झडपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.  मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, चूक माझी आहे, आईला मी सांगेन. ती म्हणाली, आई ऐकेल, चहासुद्धा देईल, पण शब्द फिरवणार नाही.

दुपारी जुम्म्याचा नमाज सुटल्यावर जमालुद्दीन आला. अल खर्जहून तो आदल्या संध्याकाळीच परतला होता. झडपा बसल्या असं ऐकून धुतलेल्या कपड्यांत, अत्तर लावून, नुसता बघायला आला होता. त्याने हेअर ड्रायर घेऊन बसलेल्या उदयला सलाम केला, एका झडपेच्या कडेवर अंगठा फिरवला आणि मला विचारलं, फट किती ठेवलीत?

फट नाहीच, मी म्हटलं. कागद जाणार नाही. खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या आवाजात थोडा गर्व होता.

जमालुद्दीनने खिशातून एक रियालचं नाणं काढलं. ते त्याने आडवं धरलं नाही, उभं धरलं, जाडीच्या बाजूने, आणि चौकट आणि झडप यांच्यामध्ये टेकवलं.

"बाजी, ये दोनों तरफ से गिरना चाहिए," तो म्हणाला. "सिक्का ऊपर से छोड़ो, नीचे मिले. तब खिड़की चलेगी."

मी म्हटलं, पण जुन्या कडा झिजलेल्या होत्या, मी तर त्या भरून काढल्या. त्यावर त्याने पहिल्या झडपेची पट्टी खिळ्यांसकट हळूच उचकटली, झडप खोबणीतून बाहेर ओढली, एका कडेची चिप पटाशीने सोलून काढली आणि कड उन्हात धरली. मी चिकटवलेल्या चिपेखाली, जुन्या लाकडावर, तिरप्या उजेडात रंध्याचे फटकारे दिसत होते. वरपासून खालपर्यंत, एकसारखे. झिजलेलं लाकूड असं दिसत नाही. ज्याने ही खिडकी केली त्याने ती फट मुद्दाम ठेवली होती, ह्या वाऱ्यासाठी, आणि मी दोन आठवडे खपून त्या माणसाची चूक सुधारली होती.

"तुझा रंधा कुठेय?" उदयने विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. हेअर ड्रायर त्याने कधीच बंद केला होता.

अस्रला दोन तास होते. बाकीच्या कडांवरच्या चिपा मी स्वतः काढल्या. जमालुद्दीन करतो म्हणाला, मी दिल्या नाहीत. आपलं आपण पुसावं. खरं म्हणजे तिसऱ्या कडेपासून मजा यायला लागली. जमालुद्दीन पट्ट्या काढून झडपा हातात देत होता, मी रंधत होते, दुआ कडांना कोरडा साबण चोळत होती, आणि उदय नाणं टाकत होता. हे काम त्याला फार आवडलं. वरून सोडायचं, खाली झेलायचं, "पास" म्हणायचं. अडकलं की "फेल". एक झडप तीनदा फेल झाली, तेव्हा मी त्याला सांगितलं, की प्लँटमध्ये गेलास तर बरं. धुतलेल्या कपड्यांवर भुसा पडत होता तरी जमालुद्दीन गुणगुणत होता. अठरा वर्षांत काँक्रीटला गुणगुणावंसं वाटलं नाही, म्हणाला.

तिसरा प्रहर झाला तेव्हा पाच झडपा मोकळ्या होत्या. सहावी, उजव्या बाजूची, राहिली. तिच्या पट्टीच्या खिळ्यांची डोकी आदल्या दिवशी मीच लाकडात पार बुडवली होती. जोर केला तर चौकट फुटली असती. ती अर्ध्यावर अडकलेली तशीच होती. खाली मशिदीत अजान झाली. जमालुद्दीनने पटाशी ठेवली. पाच खूप झाल्या, तो म्हणाला, सहावी बाजूला आहे, कोण बघतंय.

उम्म याह्या आल्या तेव्हा पुरुष माणसं रिवाजाप्रमाणे खाली गल्लीत गेली. वर आम्ही तिघी. बाई ठेंगण्या, सत्तरीच्या, एका हातात काठी आणि दुसऱ्यात कहव्याची, म्हणजे इथल्या कॉफीची, किटली. किटली त्यांनी दुआला घेऊ दिली नाही. मला बघून म्हणाल्या, उम्म तन्फी. अरबीत व्ही नाही, त्यामुळे माझी मुलगी या घरात तन्फी आहे. मी पाठ केलेल्या मोडक्या अरबीत सांगायला लागले, की चूक झाली होती, माझी होती, आणि एक झडप अजून अडकलेली आहे. दुआ मध्ये पडून नीट भाषांतर करू लागली.

त्या ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. काठी टेकत त्या समोरच्या चार झडपांवरून पुढे गेल्या, एकीलाही हात न लावता, आणि उजव्या कोपऱ्यात गादीवर बसल्या. अगदी सवयीने, मागे न बघता. मग त्यांनी हात उचलून बाजूची झडप धरली.

दुआने माझं मनगट पकडलं.

उम्म याह्यांनी खाली ओढलं. झडप हलली नाही. पुन्हा ओढलं. मग त्या थोड्या पुढे सरकल्या, झडपेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताने एक चापट मारली, जशी आपण जेवताना हात न धुतलेल्या मुलाच्या पाठीत देतो तशी, आणि झडप धाडकन खाली आली. त्यांनी ती वर केली. चापट. खाली. वर.

"ही पहिल्यापासून अशीच आहे," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून. मारल्याशिवाय ऐकत नाही."

मी म्हटलं, तिच्याही कडांच्या चिपा उद्या काढते, पट्टी सोडवायला एक दिवस द्या. दुआने भाषांतर केलं. उम्म याह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या माहेरचं कुणीतरी बदलून देते म्हटलं होतं. या झडपेला हात लावायचा नाही, असं बजावण्यात आलं. बाकीच्या पाच त्यांनी मग काठीच्या टोकाने, बसल्या जागेवरून तपासल्या. सरकल्या. छान, म्हणाल्या, पाहुण्यांना होतील.

तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं. आम्ही जाळीतून बघितलं. याह्या आला होता, पांढरा शुभ्र पायघोळ थोब, बगलेत अॅल्युमिनियमचा हातभर लांबीचा नमुना. गल्लीत उदय जमालुद्दीनला दोन्ही तळवे जवळ-लांब करत लाकूड कसं प्रसरण पावतं ते समजावत होता आणि जमालुद्दीन, ज्याने हे त्याला तासाभरापूर्वी सांगितलं होतं, मान डोलावत होता. याह्याने गाडी समोरच्या घराच्या दाराला अगदी चिकटवून लावली होती.

"याह्या," उम्म याह्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. गल्ली अरुंद आहे. "गाडी मागे घे. शेजारणीला दार उघडता येणार नाही."

चाळीस-बेचाळीस वर्षांचा, मोठ्या कंपनीत हाताखाली माणसं असलेला तो गृहस्थ जागच्या जागी ताठ झाला. त्याने वर बघितलं. या झडपेकडे, त्या झडपेकडे, मग पुन्हा या झडपेकडे. आवाज कुठून आला ते त्याला कळेना. नऊ-दहा वर्षांचा असताना तो असाच दिसत असणार. तो मुकाट्याने गाडीत बसला आणि गाडी मागे घेतली. आणखी मागे, आईने सांगितलं. त्याने आणखी मागे घेतली.

उम्म याह्या इतक्या खूश झाल्या, की त्यांनी स्वतः उठून मला कहवा ओतून दिला. दीड वर्ष त्या बंगल्यात मला कुणी दिसलं नाही, दुआला म्हणाल्या, आणि कुणी माझं ऐकलं नाही. मग याह्या वर आला. आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि नमुना पुढे करून, धूळ येत नाही, डास येत नाहीत, वगैरे पाठ केलेलं सांगायला लागला. आईने नमुना हातात घेतला, वजन बघितलं, त्याला एक चापट मारली, कान देऊन ऐकलं.

"हे काही बोलत नाही," म्हणाल्या आणि परत दिला. "खलास, याह्या. लाकूड राहील."

याह्या काही वाद घालेल असं मला वाटलं होतं. तो उठून समोरच्या झडपांशी गेला. पहिली वर केली, खाली केली. दुसरी. तिसरीला त्याने खुंटी घालून बघितली, काढून बघितली. मग पाठ आमच्याकडे ठेवूनच दुआला विचारलं, की लहानपणी आपण इथे खजुराच्या बिया साठवायचो ते कुठल्या झडपेमागे. दुआ उत्तर द्यायच्या आत उठून जिन्याकडे गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि आवाज व्यवहारी. जमालुद्दीनला ठेकेदाराकडून मागून घ्यायचं, ती भावाला म्हणाली, खालचा दरवाजा पण याच लाकडाचा आहे, शटरिंगवाला माणूस फुकट घालवायचा नाही. याह्या बरं म्हणाला. तो त्या दिवशी सगळ्यालाच बरं म्हणत होता.

आम्ही निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. गल्लीत जमालुद्दीन कपड्यांवरचा भुसा झटकत उभा होता. लाकूड राहिल्याची आणि दरवाज्याच्या कामाची बातमी त्याला सांगितली. तो हसला, दाढीतून हात फिरवला, मग याह्याच्या हातातल्या नमुन्याकडे बोट दाखवून, आता याचं काय, असं विचारलं. याह्याने खांदे उडवले आणि नमुना त्याला देऊन टाकला. जमालुद्दीनने एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून बघितलं.

सरळ आहे, म्हणाला. दरवाज्यावर रेघा मारायला बरं पडेल.